वहीतलं अक्षर कुणाचं?

जूनच्या पहिल्या आठवड्यात देवबाग मोकळं होतं. बोटी वर ओढून ताडपत्रीखाली जातात, स्कूबाचे बोर्ड उतरतात, आणि मे महिन्यात जिथे पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांना वळायला जागा नव्हती त्या रस्त्यावर कुत्री पाय ताणून झोपतात. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे आमची चिंचोळी पट्टी. या दिवसांत आमच्या घरी दोनच कामं असतात. खोल्यांतल्या गाद्या कोरड्या ठेवायच्या आणि सरलेल्या हंगामाचा हिशोब लावायचा.

यंदाचा हिशोब नेहमीपेक्षा अवघड होता. जुन्या घरावर मजला चढवून चार खोल्या वाढवाव्यात, त्यासाठी कर्ज काढावं, असं बाबांच्या मनात आहे. किनाऱ्यावर ज्याला त्याला खोल्या वाढवायच्या आहेत. गुंठ्याचा भाव विचारायला येणारे एजंट आता चपला न काढताच ओटीवर चढतात. आईला कर्ज नको आहे. तिच्याकडे आकडे आहेत, पण तिचं म्हणणं 'बायकांची भीती' या सदरात जमा होतं.

या सगळ्या धामधुमीत मी रात्री फोनवर एक कादंबरी वाचत होते. हर्नान डियाझची 'ट्रस्ट'. ती २०२२ साली आली, आणि २०२३ चं पुलित्झर तिला 'डेमन कॉपरहेड' या कादंबरीसोबत विभागून मिळालं. विषय आहे १९२९ ची न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली पडझड आणि त्या पडझडीत आणखी श्रीमंत झालेला एक माणूस. "आपलो हिशोब लागना नाय, आणि तू अमेरिकेचो वाचतंस?" असं बाबांनी विचारलं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

* * *

अमेरिकन कादंबरीला पैशाची लाज वाटत नाही. फिट्झजेराल्डचा 'द ग्रेट गॅट्सबी' १९२५ साली आला, म्हणजे फुगा फुटायच्या चार वर्षं आधी. त्यात माणसाचा शर्ट, गाडी, हवेली, पार्टीतली दारू, सगळ्याला किंमतीची चिठ्ठी लावलेली आहे. स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ राथ' १९३९ ची. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमिनीवरून उठवलं जातं आणि कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागतं. उठवणाऱ्या माणसाला विचारलं तर तो बँकेकडे बोट दाखवतो, आणि बँक म्हणजे तर कुणी माणूसच नाही. गोळी कुणावर झाडायची, हा त्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर मिळत नाही.

या दोन कादंबऱ्या त्यांच्या काळात लिहिलेल्या आहेत. मला जास्त कुतूहल आहे ते मागे वळून लिहिणाऱ्यांचं. ई. एल. डॉक्टरोने १९७५ साली 'रॅगटाइम' लिहिली. काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात जे. पी. मॉर्गन आणि हेन्री फोर्ड ही खरी माणसं पात्रं होऊन येतात आणि त्यांच्या शेजारी येतो कोलहाउस वॉकर नावाचा एक काळा पियानोवादक. त्याच्याकडे फोर्डची नवी मॉडेल टी आहे. गोरे अग्निशामक ती अडवतात आणि तिची नासधूस करतात. कोलहाउसची मागणी एवढीच की माझी गाडी होती तशी करून द्या. या एका मागणीपायी रक्त सांडतं आणि शेवटी तो मॉर्गनच्या ग्रंथालयाचा ताबा घेतो. लाखो गाड्या बनवणारा फोर्ड, त्या भांडवलावर बसलेला मॉर्गन आणि एकच गाडी असलेला कोलहाउस हे एकाच पानावर येतात तेव्हा आपल्याला एक गोष्ट लख्ख दिसते. वस्तू विकत घेण्याची ऐपत आणि ती वस्तू राखण्याचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवबागात हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे तिकडची ऐतिहासिक कादंबरी भूतकाळात जाते तेव्हा बहुतेकदा तिजोरी उघडून बघते. आपली ऐतिहासिक कादंबरी भूतकाळात जाते तेव्हा काय बघते?

* * *

इथे एक दुवा आहे, आणि तो थेट अमेरिकेतून मुंबईत येतो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव असे चढले की लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, अशा गोष्टी त्या काळाबद्दल सांगितल्या जातात. आलेल्या पैशाचं काय करायचं हे कळेना म्हणून कंपन्या निघाल्या. बँका, विमा, जहाजं, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या. बॅकबे रेक्लमेशनच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद हा माणूस होता. आज मुंबई विद्यापीठात उभा असलेला राजाबाई टॉवर त्याच्या देणगीतून झाला आणि त्याला त्याच्या आईचं नाव आहे.

मग एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. युद्ध संपलं, कापूस पडला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस होता. त्या दिवशी देणी कुणालाच फेडता येईनात. पेढ्या बुडाल्या, कंपन्या कागदावरच राहिल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळली गेली. व्हर्जिनियातल्या एका शरणागतीने मुंबईतल्या शेकडो घरांतलं सोनं गेलं.

यापेक्षा मोठा कादंबरीचा ऐवज कोणता असेल? गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ चं, म्हणजे ऐन तेजीतलं. शहर कसं वाढतंय हे डोळे विस्फारून बघणारं ते पुस्तक आहे. ते कादंबरी नव्हे, पण कादंबरीकाराला लागणारा सगळा कच्चा माल त्यात आहे. आणि आता तारखा बघा. मंदीचा तडाखा १८६५ चा. दोनच वर्षांनी, १८६७ पासून, त्याच मुंबईतून निघणाऱ्या 'विविधज्ञानविस्तार'मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' क्रमशः येऊ लागली. १८७१ साली तिचं पुस्तक झालं. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो. काळ शिवाजी महाराजांचा, ठिकाण डोंगरी किल्ला.

बुडालेल्या पेढ्यांच्या शहरात बसून मराठी कादंबरी गडावर चढली, आणि पुढे बराच काळ तिथून उतरली नाही.

यात गुंजीकरांना दोष देण्यासारखं काही नाही. परक्या राज्यात राहणाऱ्या समाजाला आपला पराक्रम आठवून बघायचा होता. शिवाय मुंबईच्या त्या खेळात मोठे डाव टाकणारे बहुतेक पारशी, भाटिया, गुजराती व्यापारी होते. मराठी लिहिणारा वर्ग शाळेत, कचेरीत, छापखान्यात पगारावर होता. पगारी माणसाला पैशाबद्दल दोनच भावना परवडतात, तिरस्कार आणि काळजी. या दोन्हींतून कादंबरी निघते, पण ती तेजी-मंदीची कादंबरी नसते. तिच्यात श्रीमंत माणूस एक तर खलनायक असतो किंवा पाहुणा.

* * *

इतिहासात पैसा नव्हता असं नाही. उलट तो इतका आहे की डोळे झाकून चालावं लागतं.

पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत काय झालं ही बातमी नानासाहेब पेशव्यांना कोणत्या भाषेत कळली हे आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. दोन मोती, सत्तावीस मोहरा, आणि मोजता न येणारा खुर्दा. तो निरोप सावकारी पत्रातला होता. मराठ्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा घाव जमाखर्चाच्या भाषेत आला, आणि आपण त्यातला हिशोब सोडून फक्त हुंदका घेतला. त्या खुर्द्यात कोण होतं? बाजारबुणगे, बिगारी, बैल हाकणारे. त्यांच्या घरी कर्ज किती होतं? पानिपतानंतर पेशवाईवर जे देणं चढलं त्याच्या ओझ्याखाली थोरल्या माधवरावांची सगळी कारकीर्द गेली. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची. आजही ती वाचून लोक रडतात. पण कुणालाही विचारा, लक्षात काय राहिलं? रमा आणि माधव. सावकार कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आमच्या दारातलंच उदाहरण घ्या. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया नोव्हेंबर १६६४ चा. सुरतेची पहिली लूट त्याच वर्षीच्या जानेवारीतली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की एक अख्खं प्रकरण डोळ्यांसमोर येतं. चुना कुठून आला, पायात ओतलं म्हणतात ते शिसं कुठून आलं, पाथरवटांची मजुरी कुणी मोजली, होड्या कुणाच्या होत्या. महाराजांना हे प्रश्न नक्कीच पडत होते. १६७१ साली त्यांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दल पत्र लिहिलं. बारदेशचं मीठ स्वस्त पडतं, त्याने संगमेश्वरचं मीठ मार खाईल, म्हणून तिकडून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. आपल्या मुलखातल्या मिठागरवाल्याचा धंदा राखणारा हा राजा आहे. तलवारीइतकाच तराजू समजणारा. कादंबऱ्यांत मला तलवारवाला भेटतो, आणि तराजूवाल्याला भेटायचं असेल तर पत्रांचे खंड उघडावे लागतात.

किल्ला बघायला येणारे पर्यटक आमच्याकडे राहतात म्हणून आमचं घर चालतं. म्हणजे त्या किल्ल्याचा पैसा अजून फिरतोच आहे. तो सतराव्या शतकात कसा फिरला हे सांगणारी कादंबरी मला वाचायला आवडेल, एवढंच माझं म्हणणं.

* * *

आता अपवाद. आणि अपवाद कोकणातला आहे.

श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' १९५२ साली आला. तो ऐतिहासिक कादंबरी म्हणून ओळखला जात नाही, पण आज वाचताना त्यातला काळ आपल्यासाठी इतिहासच आहे. बापू हा गरीब घरातला, गावाने ओवाळून टाकलेला पोर. त्याच्या जन्माबद्दल गावात कुजबुज आहे. गावाला न रुचणारं राधेशी असलेलं नातं तो उघडपणे निभावतो. तो सुपारीच्या व्यापारात पैसा करतो आणि ज्या खोताच्या गावात त्याला किंमत नव्हती त्याच गावात ताठ उभा राहतो.

'गॅट्सबी' वाचल्यावर बापू पुन्हा वाचा. दोघंही स्वतःच्या हिमतीवर वर आलेले. दोघांच्याही मुळाबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात. दोघांच्याही महत्त्वाकांक्षेच्या पोटात एक बाई आहे. पण गॅट्सबीला मोठं व्हायचं तर गाव सोडावं लागतं, नाव बदलावं लागतं, बाप पुसून टाकावा लागतो. अमेरिकेत ते जमतं. तिथे अनोळखी लोकांत जाऊन नवा माणूस होता येतं, आणि त्याची शिक्षा अशी की मेल्यावर मयताला कुणी येत नाही. बापूला गारंबीतच मोठं व्हायचंय. ज्यांनी हिणवलं त्यांच्याच डोळ्यांसमोर. मुंबईत मिळवलेल्या दहा लाखांपेक्षा गारंबीच्या देवळासमोर मिळालेला एक नमस्कार त्याला मोलाचा. कोकणी महत्त्वाकांक्षेचं इतकं खरं निदान मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आमच्याकडे दुबईत वीस वर्षं काढलेला माणूस तिथे एका खोलीत चौघांसोबत राहतो आणि इथे दोन मजली घर बांधतो, ज्यात राहायला कुणी नसतं. ते घर राहण्यासाठी नसतंच. ते गारंबीला दाखवण्यासाठी असतं. बाबांच्या त्या चार खोल्यांतही थोडा बापू आहे, हे मला कळतं.

पेंडशांची दुसरी मोठी झेप 'तुंबाडचे खोत', १९८७. दोन खंड, चार पिढ्या, जगबुडी नदीचा काठ, आणि एकोणिसाव्या शतकापासून १९४८ पर्यंतचा पट. एका घराण्याची मस्ती, माज, कर्ज, उतरण आणि पुन्हा उभं राहण्याची धडपड. आर्थिक उलथापालथ घराच्या तुळयांपर्यंत कशी पोचते हे बघायचं असेल तर ही कादंबरी वाचलीच पाहिजे. मी ती बारावीच्या सुट्टीत वाचली आणि दहा दिवस मला घरात कुणी हाक मारलेली ऐकू आली नाही.

पण आता तिशीच्या उंबरठ्यावर वाचताना एक गोष्ट खुपते. खोती म्हणजे सरकारसाठी गावचा सारा गोळा करायचा हक्क. खोताची मस्ती कुळाच्या भातावर चालायची. 'तुंबाड'च्या काळातच अलिबागजवळ चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सलग सहा वर्षं जमिनी न कसता संप केला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्या संपाच्या वर्षांत ज्या घरात चूल पेटत नव्हती, त्या घरातून खोताचा वाडा कसा दिसत असेल? पेंडसे वाड्याच्या आत आहेत, आणि आत इतके चांगले आहेत की बाहेरचं आपल्याला आठवतही नाही. हाच मला कादंबरीचा दोष वाटतो. दोष लेखणीचा नाही, बैठकीचा. वही खोताच्या हातात आहे, म्हणून गोष्टही खोताची आहे.

* * *

'ट्रस्ट' नेमकी या वहीबद्दल आहे.

कादंबरीचे चार भाग आहेत आणि चारही जणू वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले. पहिला भाग म्हणजे एक कादंबरी, एका गर्भश्रीमंत गुंतवणूकदाराची आणि वेड लागून मरण पावलेल्या त्याच्या बायकोची. दुसरा भाग म्हणजे ज्याच्यावरून ती कादंबरी लिहिली गेली त्या अँड्र्यू बेव्हलचं अर्धवट आत्मचरित्र. तो चिडलाय. माझ्या बायकोला वेडी दाखवलं, ती तर साधी, नाजूक, संगीत आवडणारी गृहिणी होती, असं त्याचं म्हणणं. तिसरा भाग इडा पार्टेन्झाचा. ब्रुकलिनमधल्या इटालियन अराजकवादी छपाईवाल्याची ही मुलगी, बेव्हलने आपलं आत्मचरित्र लिहायला पगारावर ठेवलेली. चौथा भाग म्हणजे बायकोची, मिल्ड्रेडची, मरणाच्या वाटेवरची डायरी.

ज्यांना शेवट कळायला नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

डायरीत कळतं की बाजार समजत होता तो मिल्ड्रेडला. चाली तिच्या होत्या, नाव नवऱ्याचं. म्हणजे तीनशेहून अधिक पानं आपण जिला वेडी किंवा नाजूक समजत होतो तीच वही लिहीत होती. पण हा धक्का मला तितका मोठा वाटला नाही. मोठा धक्का तिसऱ्या भागात आहे. बेव्हलला बायकोबद्दल सांगण्यासारखं काहीच आठवत नाही, म्हणून इडा स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग मिल्ड्रेडच्या नावावर खपवते. जेवताना रहस्यकथा रंगवून सांगायची स्वतःची सवय ती मिल्ड्रेडला देते. काही दिवसांनी बेव्हल तोच प्रसंग इडाला सांगतो, आपली गोड आठवण म्हणून. मला वाचताना अंगावर काटा आला. पैशात इतकी ताकद असते की तो दुसऱ्याची आठवणसुद्धा विकत घेतो, आणि घेतली हे विसरूनही जातो.

कादंबरीत कमतरता आहेत. डियाझची रचना इतकी घडीव आहे की कधीकधी माणसांपेक्षा घडणच जास्त दिसते. दुसरा भाग मुद्दाम कंटाळवाणा लिहिलाय, हे समजलं तरी कंटाळा येतोच. आणि मिल्ड्रेडची हुशारी उघड झाल्यावर एक प्रश्न अर्धवटच राहतो. बाजार पडला तेव्हा ज्यांचं सगळं गेलं, त्यांचं काय? ती बुद्धिमान होती, तिच्यावर अन्याय झाला, दोन्ही खरं. पण तिच्या बरोबर ठरलेल्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी बुडालंच ना? स्टाइनबेक असता तर त्या टोकाला जाऊन बसला असता. डियाझ हवेलीतच राहतो. पेंडसे वाड्यात राहतात तसाच.

तरी ही कादंबरी एक प्रश्न हातात देते, आणि तो प्रश्न घेऊन कुठल्याही ऐतिहासिक कादंबरीकडे जाता येतं. ही गोष्ट कोण सांगतंय, आणि हिशोब कोण ठेवत होतं? ही दोन माणसं वेगळी असतील, तर खरी कादंबरी त्या दोघांच्या मधल्या जागेत आहे.

* * *

आमच्या घरात ती दोन माणसं वेगळी होती.

आजोबा मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले एक आजोबा. दोनेक वर्षांनी ते कायमचे देवबागला परतले. त्यांच्या संपाच्या गोष्टी ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. मोर्चे, घोषणा, लालबागच्या नाक्यावरची गर्दी. 'पैसो नव्हतो, पण मान होतो' हे त्यांचं वाक्य. ती वीरकथा होती आणि ती सांगायचा त्यांना पुरेपूर हक्क होता.

या संपाबद्दल मराठीत जे सर्वांत टोकदार लिहिलं गेलं ते जयंत पवारांचं. १९९७ चं 'अधांतर' हे नाटक, आणि पुढे 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह, ज्याला २०१२ चं साहित्य अकादमी मिळालं. 'अधांतर'ची ताकद अशी की संप बाहेर रस्त्यावर आहे आणि नाटक चाळीतल्या खोलीत आहे. पवारांनी गिरणगाव आतून लिहिलं. पण गिरणगावाचं एक टोक मुंबईत होतं तसं दुसरं टोक इथे होतं, मनीऑर्डरीची वाट बघणाऱ्या घरांत. तिथे वही कोण लिहीत होतं?

आजीच्या ट्रंकेत जुनी 'कालनिर्णय' आहेत. जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, त्यामुळे 'कालनिर्णय' आमच्याकडे घरचंच वाटतं. ते १९७३ पासून निघतंय. आजीची कॅलेंडरं १९७८ पासूनची. दर महिन्याच्या पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले आकडे. गाद्या वाळत घालताना ट्रंक काढली आणि त्या दुपारी मी ती बाहेर काढून वाचली. 'मुंबय' असा शब्द आणि पुढे रक्कम, दर महिन्याला. १९८२ च्या मार्चपासून 'मुंबय' आहे, पुढे नुसती रेघ. एप्रिल, रेघ. मे, रेघ. वर्षभर रेघा. पण त्या रेघांच्या खाली आकडे थांबलेले नाहीत. 'सुकट, मालवण बाजार.' 'नारळ.' 'सोलां.' 'पाटली ठेवली.' दीड वर्षाने 'पाटली सोडवली.' एका ठिकाणी 'मुंबयक धाडले' आणि पुढे पन्नास. म्हणजे संपाच्या वर्षात मनीऑर्डर उलट्या दिशेने गेली होती. देवबागातून लालबागला.

आजोबांच्या कुठल्याच गोष्टीत हे पन्नास रुपये नव्हते. ते खोटं बोलत नव्हते. बेव्हलसारखे ते मुळीच नव्हते, गरीब सरळ माणूस. त्यांच्या गोष्टीत त्या पन्नास रुपयांना जागाच नव्हती, कारण वीरकथेत बायकोकडून आलेले पैसे कुठे बसवायचे हे आपल्याला अजून शिकवलेलंच नाही. आपल्या कादंबऱ्यांनीही ते शिकवलं नाही.

मी आजीला विचारलं, हे कधी कुणाला सांगितलं का नाहीस? ती वडे थापत होती. म्हणाली, "सांगूचा काय तेच्यात? ता लिवलला हा मां." लिहिलंय ना, मग सांगायचं कशाला! मिल्ड्रेडच्या डायरीच्या तोडीचं हे वाक्य आहे, आणि त्याला न्यूयॉर्क लागलं नाही.

* * *

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी त्यांना 'ट्रस्ट' वाचायला दिली नाही. कॅलेंडरं दिली. आणि त्यांच्याशेजारी आईच्या गेल्या आठ हंगामांच्या वह्या ठेवल्या. खोल्या प्रत्यक्षात किती दिवस भरल्या, बुकिंग रद्द किती झाली, वादळात छपराचे पत्रे किती गेले, कोविडच्या वर्षी काय झालं, सगळं तिच्या बारीक अक्षरात. कर्जाचा हप्ता बाराही महिने असतो आणि पर्यटक आठच महिने, हे तिने पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

बाबांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. बराच वेळ. १९८२ च्या पानावर ते थांबले. तेव्हा ते सातवीत होते. सुकट विकायला आईच्या मागून मालवणला चालत गेल्याचं त्यांना आठवलं, पण का गेलो होतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, असं म्हणाले. चार खोल्यांचं अजून ठरलेलं नाही. सध्या दोनवर बोलणं आलंय, आणि त्या बोलण्यात आई बसते.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल, कदाचित लोकलमध्ये, कदाचित गावच्या एसटीत. तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. रेशनकार्डाच्या पिशवीत, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, नाहीतर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. मराठीत तेजी-मंदीची ऐतिहासिक कादंबरी लिहायची राहून गेली असेल, पण तिचा कच्चा माल पेन्सिलीत लिहिलेला पडून आहे, आणि पेन्सिल पुसट होत जाते.

हा लेख आजीला वाचून दाखवला. गॅट्सबीच्या मयताला कुणी आलं नाही याचं तिला वाईट वाटलं. स्वतःबद्दलचा भाग ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माजा नाव घालू नको." मी म्हटलं, नाही घालत. उठता उठता तिने पुन्हा वळून विचारलं, "पाटलीचो आकडो बरोबर घातलंस मां?"

मी आकडा घातलाच नव्हता. चौतीसशे. आता घातला.